मार्चचा शेवटचा रविवार: घड्याळ पुढे न्या, जॅकेट मात्र आत टाकू नका

मार्चचा तिसरा आठवडा आला की इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या लोकांचे मेसेज सुरू होतात, ताई ते घड्याळाचं कधी आहे, पुढे करायचं की मागे, फोन आपोआप होतो ना, आणि आता थंडी संपली ना? पहिल्या तिन्हीची उत्तरं सोपी आहेत, शेवटच्याचं उत्तर नाही असं आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी रेडिंगला राहते त्यामुळे हा सगळा हिशोब रेडिंग, स्लाव, लंडन ह्या पट्ट्याचा आहे, स्कॉटलंडवाल्यांनी हवेच्या भागात मनाने अजून एक स्वेटर घालून वाचावं.

तर आधी तारीख. संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून इथे दर उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे नेतात, हिवाळ्यात परत मागे. मार्चचा शेवटचा रविवार, म्हणजे २०२६ ला २९ मार्च आणि २०२७ ला २८ मार्च. शनिवारी रात्री तुम्ही झोपता आणि पहाटे १ वाजला की घड्याळात थेट २ वाजतात, एक ते दोन हा तास त्या रात्री नसतोच. तो परत मिळतो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पॅरिस, बर्लिन, ॲमस्टरडॅम सगळे त्याच क्षणी बदलतात त्यामुळे युरोपशी आपलं अंतर तेवढंच राहतं. अमेरिकावाले मात्र मार्चच्या दुसऱ्याच रविवारी पुढे गेलेले असतात, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचाऐवजी चारच तासांचा फरक असतो. न्यू जर्सीच्या भावाला वाढदिवसाचा कॉल त्या दिवसांत करणार असाल तर हे बघून करा.

ही कल्पना इंग्लंडात जोरात मांडली विल्यम विलेट नावाच्या एका बिल्डरने, १९०७ साली पुस्तिका छापून. त्याचं मूळ गणित तर अजून भारी होतं, एप्रिलच्या चार रविवारी दर वेळी २० मिनिटं अशी एकूण ८० मिनिटं पुढे. विचार करा, चार रविवार ओव्हनचं घड्याळ लावत बसायचं. लोकांनी तेव्हा ऐकलं नाही, तो १९१५ ला गेला, आणि दुसऱ्याच वर्षी महायुद्धात कोळसा वाचवायला आधी जर्मनीने आणि मग २१ मे १९१६ ला ब्रिटनने घड्याळ पुढे नेलं. भारतातले नातेवाईक "काय हा इंग्रजांचा चक्रमपणा" म्हणतात तेव्हा त्यांना सांगा, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारताचं घड्याळही एक तास पुढे होतं. आणि मुंबईत तर त्यानंतरही १९५५ पर्यंत स्वतःचा वेगळा बॉम्बे टाइम चालायचा, बाकी देशापेक्षा ३९ मिनिटं मागे.

आता कामाला लागा. शनिवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, घरातनं एक फेरी मारा. फोन, लॅपटॉप, टीव्ही, स्मार्ट वॉच ह्यांना हात लावू नका, ते स्वतः बदलतात, फक्त फोनच्या सेटिंगमध्ये वेळ ऑटोमॅटिक आहे ना ते बघा, कारण भारतातनं नुकत्याच आलेल्या कित्येकांनी ती कधीतरी मॅन्युअल करून ठेवलेली असते. आणि हो, फोन आपोआप बदलणार हे माहीत असूनही काहीजण झोपताना गजर एक तास आधीचा लावतात आणि मग दोन तास आधी उठून बसतात. तसं करू नका. ओव्हन, मायक्रोवेव्ह, भिंतीवरचं घड्याळ, देवघरातलं घड्याळ, जुन्या गाडीतलं घड्याळ हे हाताने. काही भिंतीवरची घड्याळं रेडिओवर चालतात, त्यांना कंब्रियातल्या ॲन्थॉर्नच्या टॉवरवरून सिग्नल येतो आणि ती रात्रीत स्वतः फिरतात, सकाळी फिरलेली नसली तर खिडकीजवळ नेऊन ठेवा आणि एक रात्र थांबा, उगाच काटे ढकलू नका.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते बॉयलरचं, म्हणजे घर आणि नळाचं पाणी तापवणाऱ्या यंत्राचं टायमर. नवीन थर्मोस्टॅट इंटरनेटवर असेल तर प्रश्न नाही. पण भाड्याच्या घरात बहुतेक वेळा ते गोल चकतीचं, बारीक पिना असलेलं टायमर असतं, ती चकती फक्त घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची, उलटी नाही, नाहीतर आतलं यंत्र बिघडतं. मार्चमध्ये एक तास पुढे न्यायचंय म्हणून सोपं आहे, ऑक्टोबरला मात्र त्याच दिशेने २३ तास फिरवत न्यावं लागतं. आणि तुमच्याकडे रात्रीची स्वस्त वीज देणारं जुनं इकॉनॉमी सेव्हन मीटर असेल तर त्यातली बरीच मीटर घड्याळ बदलतच नाहीत, हिवाळ्याच्या वेळेवरच राहतात, म्हणजे स्वस्त तास तुमच्या घड्याळाने एक तास उशिरा सुरू होतात आणि उशिरा संपतात. वॉशिंग मशीन रात्री लावत असाल तर वीज कंपनीला एक फोन करून तुमच्या मीटरचे तास विचारून घ्या.

हॉस्पिटलात किंवा केअर होममध्ये नाइट करणाऱ्यांसाठी, त्या रात्रीची १२ तासांची शिफ्ट प्रत्यक्षात ११ तासांची होते. पगार बाराचा की अकराचा हे करारावर असतं, आधी विचारा, नंतर भांडण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळची फ्लाइट असेल तर तिकिटावरची वेळ नवीन घड्याळाची असते, टॅक्सी बुक करताना तेवढं डोक्यात ठेवा.

भारताशी बोलायचं गणित

हिवाळ्यात भारत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो, घड्याळ बदललं की साडेचार. एवढंच पाठ करा. घरच्यांशी बोलायला हा फरक आपल्या फायद्याचा आहे. हिवाळ्यात ऑफिस संपवून साडेपाचला फोन लावला तर तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असायचे आणि आई जांभया देत "बोल बाळा" म्हणायची, आता तोच फोन दहाला पोचतो, जेवणं झालेली, मालिका संपलेली, निवांत. सकाळचा फोनही बदलतो, आठला लावायचात तेव्हा तिकडे दीड म्हणजे जेवणाची वेळ असायची, आता साडेबारा. पण आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, कारण तिकडे काहीच बदललेलं नसतं. रोज ठरलेल्या वेळी फोनची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अचानक तासभर आधी किंवा नंतर फोन आला की काहीतरी झालंय असंच वाटतं. त्यांच्या फ्रीजवर एका कागदावर लिहून लावा: "मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास." कॅलेंडरवर नाही, पान उलटलं की गेलं.

ऑफिसचं मात्र त्रांगडं होतं. समजा रोज सकाळी ९ ला पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग आहे. हिवाळ्यात तिकडे ती अडीचला होती, डबा खाऊन सगळे बसलेले. घड्याळ बदललं की तीच मीटिंग पुण्यात दीडला येते, म्हणजे बरोबर डबा उघडायच्या वेळी, आणि मग सोमवारी निम्मे लोक कॅमेरा बंद ठेवून पोळीभाजी खात ऐकतात. मीटिंग कोणाच्या टाइम झोनमध्ये बनवलीय त्यावर कोणाकडे सरकणार ते ठरतं, इंग्लंडमधल्या माणसाने बनवली असेल तर पुण्याची वेळ सरकते, पुण्याच्या माणसाने बनवली असेल तर आपली, आपली ९ ची १० होते. त्यामुळे त्या आधीच्या गुरुवारीच कॅलेंडर उघडून पुढचा आठवडा बघा आणि टीमला विचारून ठरवा कोण सरकणार. निदान निम्मं वर्ष तरी त्यांच्या जेवणाचा मान ठेवा. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, आयपीएलची भारतात साडेसातला सुरू होणारी मॅच घड्याळ बदलायच्या आधी इथे दुपारी २ ला असते, नंतर ३ ला. ऑफिसमध्ये चोरून बघायची तर शेवटच्या ओव्हर आता घरी पोचल्यावर मिळतात.

झोप, आणि घरातली लहान मंडळी

मोठ्यांचं दोन-तीन दिवसांत जमतं. रविवारी सकाळी पडदे उघडा, दहा मिनिटं बाहेर उजेडात चालून या, दुपारी लोळू नका, चारनंतर चहा-कॉफी बंद, झालं. सोमवारी गाडी चालवताना मात्र जरा सांभाळून, कारण अर्ध्या रस्त्याची झोप झालेली नसते.

लहान मुलांसाठी बुधवारपासूनच रोज झोपायची वेळ १०-१५ मिनिटं अलीकडे आणा, जेवण आणि आंघोळही त्याच हिशोबाने. खरी कटकट झोपेची नसते, उजेडाची असते. शनिवारी साडेसहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य रविवारी साडेसातपर्यंत दिसतो, आणि जूनपर्यंत तो सव्वानऊच्या पुढे जातो. चार वर्षांच्या मुलाला बाहेर लख्ख ऊन असताना झोप म्हणून सांगून बघा. काळ्या अस्तराचे पडदे आत्ताच लावा, मेमध्ये नाही. ज्यांचं पोर पहाटे पाचला उठून बसतं त्यांची ह्या एका रविवारी मजा आहे, तेच पोर आता सहाला उठतं, बदलायला जाऊ नका, तसंच राहू द्या.

गोळ्या-औषधांचं म्हणाल तर दिवसातनं एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना एका तासाने फरक पडत नाही, पण इन्शुलिन किंवा ज्याची वेळ काटेकोर सांगितलीय असं काही असेल तर आदल्या आठवड्यातच फार्मसीत जाऊन विचारा, तिथला फार्मासिस्ट अपॉइंटमेंटशिवाय सांगतो.

आता हवा

घड्याळ बदललं म्हणून हवा बदलत नाही हे सगळ्यांना कळतं, पण घड्याळ बदललं की दिवसाच्या कुठल्या कामाला कुठली हवा भेटते ते बदलतं, हे लक्षात येत नाही. बघा, शुक्रवारी साडेआठला मुलांना शाळेत सोडायला निघालात तेव्हा सूर्य उगवून पावणेतीन तास झाले होते. सोमवारी त्याच साडेआठला निघाल तेव्हा जेमतेम पावणेदोन तास झालेले असतात, सूर्याच्या हिशोबाने साडेसातच वाजलेत. म्हणजे मार्चच्या मध्यात सकाळी गाडीच्या काचेवरचं दव-बर्फ खरवडणं बंद झालं होतं ते परत सुरू होतं. स्क्रेपर गाडीतच ठेवा, एप्रिलभर. मुलांचे हातमोजेही दप्तरातच.

आणि संध्याकाळी बरोबर उलट. दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान जे तीनच्या आसपास असायचं ते आता घड्याळात चारच्या आसपास येतं, त्यामुळे शाळा सुटताना पोरं कोट हातात घेऊन येतात आणि कोट पार्कात विसरतात. हे सगळ्या घरी होतं, कोटाच्या आत नाव लिहून टाका. थोडक्यात सकाळचे कपडे फेब्रुवारीचे आणि दुपारचे मेचे असं करावं लागतं, आणि ते एकाच अंगावर. पातळ टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस अडवणारं हलकं जॅकेट, असे थर करा. एकच जाडजूड हिवाळी जॅकेट घालणारा माणूस ह्या दिवसांत सकाळी खूष आणि दुपारी घामाघूम असतो. हीटिंग पूर्ण बंद करायची घाईही नको, सकाळचा तासभर एप्रिलअखेरपर्यंत राहू द्या.

मार्चअखेरीला आपल्याकडे दुपारी ११-१२ डिग्री आणि रात्री ३-५ हे साधारण धरा. पण हे साधारण फार फसवं आहे. २०१३ चा मार्च १९६२ नंतरचा सगळ्यात गार मार्च होता, घड्याळ बदललं त्या ३१ मार्चला ईस्टर होता आणि देशात कित्येक ठिकाणी बर्फ पडून होता. उलट २०२१ ला २८ मार्चला घड्याळ बदललं आणि ३० मार्चला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २४.५ डिग्री, लोक शॉर्ट्स घालून थेम्सच्या काठी. आणि मग त्याच वर्षीचा एप्रिल निघाला किमान साठ वर्षांतला सगळ्यात जास्त गोठवणारा, कित्येक रात्री झाडांवर पांढरं. म्हणून एक गरम आठवडा बघून हिवाळी कपडे व्हॅक्यूम बॅगेत घालून माळ्यावर टाकायचे नाहीत. मेच्या मध्यापर्यंत तरी नाही.

वारा कुठून येतोय ते बघायची सवय लावा, तापमानाच्या आकड्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे. ब्रिटनभोवतीचा समुद्र सगळ्यात थंड असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पूर्वेचा वारा त्या नॉर्थ सीवरनं येतो, ऊन असलं तरी कान झोंबतात. पश्चिमेचा वारा अटलांटिकवरनं येतो, तो ओला पण ऊबदार. वारा पडलेला आणि रात्री आकाश एकदम स्वच्छ असेल तर पहाटे काच गोठणार म्हणून समजा.

एप्रिलच्या सरींचं पण एक गणित आहे. वर हवा थंड, खाली जमीन उन्हाने तापायला लागलेली, त्यामुळे सकाळ निळीशार, अकरापासून कापसासारखे ढग, आणि दुपारी दोन ते पाचात सर, कधी गारा, वीस मिनिटांत परत ऊन. घड्याळ पुढे गेल्यामुळे ह्या सरी नेमक्या शाळा सुटायच्या वेळेवर येऊन बसतात. कपडे बाहेर वाळत घालायचे तर सकाळी आठलाच घाला आणि एकच्या आत काढा. युरोपचं मोठं हवामान केंद्र आमच्या रेडिंगलाच आहे, तरी रेडिंगच्या स्टेशनबाहेर गारा पडताना सगळे तितकेच बेसावध असतात. दहा दिवसांचा अंदाज बघू नका, सकाळी निघताना पावसाचं रडार बघा, पुढचा एक तास त्यात बऱ्यापैकी दिसतो.

नाक गळायला लागलं तर सर्दीच समजू नका. मार्चअखेरपासून झाडांचे परागकण उडतात, एप्रिलमध्ये बर्चचे, मेपासून गवताचे. भारतात कधीच त्रास नसलेल्या काहीजणांना इथे दोन-तीन वर्षांनी सुरू होतो. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी सुपरमार्केटात स्वस्तात मिळते, ब्रँडेड डब्याच्या नादी लागू नका, आत औषध तेच. आणि परागकण जास्त असतील त्या दिवशी कपडे, विशेषतः उशीची कव्हरं, बाहेर वाळत घालू नका.

पाडवा आणि संकष्टी

२०२५ ला पाडवा, इथला मदर्स डे आणि घड्याळ बदलायचा दिवस असे तिन्ही ३० मार्चला आले होते. २०२६ चा पाडवा १९ मार्चला म्हणजे घड्याळाच्या आधी आणि २०२७ चा ७ एप्रिलला, म्हणजे नंतर. पंचांगातल्या तिथीच्या वेळा भारतीय वेळेने छापलेल्या असतात, त्यातनं पाडवा घड्याळाआधी असेल तर साडेपाच तास वजा, नंतर असेल तर साडेचार. सूर्योदय मात्र वजाबाकीने येत नाही, तो आपल्या गावाचाच बघायचा, नव्या घड्याळाने त्या रविवारी पावणेसातच्या आसपास. पाडवा घड्याळानंतर असेल तर गुढी उतरवायला साडेसातपर्यंत वेळ असतो, ऑफिसवरनं आल्यावरही आरामात होतं. वारा सोसाट्याचा असतो म्हणून काठी खिडकीच्या कडीला दोन ठिकाणी केबल टायने बांधा. फ्लॅटमध्ये बाल्कनीत काही लावायला मनाई असेल तर खिडकीच्या आतल्या बाजूने उभी करा, बाहेरनं दिसते छान. कडुलिंब लंडनमध्ये साउथॉल किंवा वेम्बलीला मिळतो, पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपतो.

संकष्टीवाल्यांनी जरा मन घट्ट करावं. मुंबईचा चंद्रोदय इथे चालत नाही. त्यात वसंतात ह्या अक्षांशावर पौर्णिमेनंतर चंद्र दर रात्री तासाहून जास्त उशिरा उगवतो, त्यावर घड्याळाचा एक तास, त्यामुळे एप्रिल-मेच्या संकष्टीला चंद्रोदय कधीकधी मध्यरात्र उलटून जातो. सकाळी ऑफिस असेल तर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, आमच्याकडे सासूबाई व्हिडिओ कॉलवर "बाप्पाला कळतं गं" म्हणून परवानगी देतात.

आणि कढीपत्ता

उजेड वाढला की सगळ्यांना कुंड्या बाहेर काढायचा झटका येतो. मेथी एप्रिलच्या मध्यापासून बाहेर पेरा, येते. कोथिंबीर खिडकीतच बरी. टोमॅटो आणि मिरचीची रोपं आत खिडकीत वाढवा, बाहेर मेच्या शेवटी. कढीपत्त्याचं झाड मात्र, जे तुम्ही कोणाकडनं तरी गयावया करून आणलंय, ते एकाही गारठ्याच्या रात्री बाहेर राहता कामा नये. मेअखेरीला आधी आठवडाभर दुपारचे दोन-तीन तास उन्हात, रात्री आत. रात्री सतत दहाच्या वर राहायला लागल्या की मग बाहेर ठेवा, आणि सप्टेंबर लागला की परत आत घ्या.